पाच गोळ्यांचा जिना

१

आईची पहिली गोळी दहाच्या वर्तुळात गेली, दुसरी नवाच्या, तिसरी आठाच्या, चौथी सहाच्या आणि पाचवी पाचाच्या. सगळ्या एका सरळ रेषेत, वर वर. कागदावर कुणीतरी जिना बांधायला घेतल्यासारख्या. माझी आई नऊ वर्षं नेमबाजी करते आणि नऊ वर्षांत तिची गोळी कधी वर गेलेली नाही. आवाज जातो.

पाचव्या गोळीनंतर तिने रायफल नीट टेबलावर ठेवली, दस्त्याखालची पिशवी उपसली, नाकाशी नेऊन हुंगली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ही माझी पिशवी नाही."

हॉलमध्ये बोलायला बंदी आहे. त्यामुळे क्लबचे सेक्रेटरी आधी बोलण्याबद्दल रागावले आणि मग काय बोलली ते त्यांच्या लक्षात आलं.

पिशवीचं महत्त्व सांगायला हवं. टेबलावरून नेम धरताना रायफलची पुढची बाजू एका स्टँडवर टेकते आणि मागे, दस्त्याखाली, अर्ध्या विटेएवढी एक पिशवी असते. ही मागची पिशवी डाव्या मुठीत धरायची. दाबली की दस्ता केसभर वर येतो आणि नळी केसभर खाली जाते. सैल सोडली की उलट. सगळा नेम त्या मुठीत असतो, उजव्या हाताने फक्त चाप ओढायचा. आई म्हणते, सासरी राहण्याचंही तंत्र हेच आहे. मागून दाबत राहायचं, पुढच्याला कळू द्यायचं नाही.

आईची पिशवी बाबांच्या जुन्या तपकिरी कॉर्डुरॉय पँटच्या एका पायाची. आत प्लॅस्टिकचे बारीक दाणे. आता हातात होती तीही तपकिरी कॉर्डुरॉयची, तेवढीच, तशीच. पण आईने ती पिळली तर शिवणीतून भुकटी गळली, मग दोन दाणे पडले. गव्हाचे.

"कुणीतरी माझे दाणे काढून गहू भरलेत," आई म्हणाली.

"घड्याळ चालू आहे," सेक्रेटरी म्हणाले.

आईने पिशवी त्यांच्या हातात दिली, दस्त्याखाली स्वतःची मूठ ठेवली आणि उरलेल्या पंधराच्या पंधरा गोळ्या दहात मारल्या. तरी बेरीज झाली एकशे अठ्ठ्याऐंशी. शेजारच्या टेबलावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची एकशे चौऱ्याण्णव.

क्लबच्या संघात जागा एक होती, आणि ती सकाळ-दुपारच्या दोन फेऱ्यांच्या बेरजेवर ठरणार होती. आई पुढच्या वर्षी साठीची होते आणि साठीनंतर संघात घेत नाहीत. हा नियम सेक्रेटरींनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी केला, तेव्हा त्यांना साठी ही दुसऱ्यांना होणारी गोष्ट वाटत होती.

त्यांनी पिशवी एका लिफाफ्यात घालून वर सही केली आणि नियमांचं पुस्तक उघडलं. "साहित्यात बाहेरच्या व्यक्तीने ढवळाढवळ केल्याचं सिद्ध झालं, तर सकाळची फेरी पुन्हा. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातून झालं असेल, तर गुण कायम. निर्णय दुपारी दोनला. चौकशीचा अनुभव असलेलं कुणी आहे इथे?"

वरच्या गॅलरीतून एक हात वर आला. माझ्या बाबांचा. आईचा चेहरा पडला, कारण त्या हाताशेजारी कोण बसलंय हे तिला माहीत होतं.

२

"आमची छकुली आहे ना," बाबा म्हणाले.

छकुली म्हणजे माझी आत्या. वय साठ, उंची पाच फूट नऊ इंच, वजनमापे निरीक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी, आता निवृत्त. तीस वर्षांत तिने चारशे बारा तराजू जप्त केले. सख्ख्या काकांचं दुकान पंधरा दिवस बंद ठेवलं होतं, पाव किलोमागे चार ग्रॅमसाठी. काका शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. तिचं म्हणणं, दिवस त्यांनीच चुकीचे मोजले, दुकान चौदाव्यालाच उघडता आलं असतं.

आई आणि आत्याही बोलत नाहीत. तीन वर्षांपूर्वी आत्या जेवायला आली असताना तिने आमच्या स्वयंपाकघरातला काटा तपासला, तो अठरा ग्रॅम कमी दाखवतो असं जाहीर केलं आणि त्यावर 'वापरण्यास अयोग्य' अशी चिठ्ठी चिकटवली. पाहुण्यांसमोर. तेव्हापासून आत्या रविवारी आमच्याकडे येते आणि आई रविवारी बाहेर जाते. हे कुणी ठरवलेलं नाही. इतर दिवशी समोरासमोर आल्या, तर मी दुभाषी असते. दोघींची भाषा एकच असल्यामुळे काम सोपं आहे.

"तुझ्या आत्याला सांग, मला त्यांच्या मदतीची काडीइतकी गरज नाही," आई म्हणाली. "आणि लवकर सुरू करा म्हणावं, साडेअकरा वाजून गेलेत."

"तुझ्या आईला विचार," आत्या म्हणाली, "की पिशवी शेवटची कधी वापरली."

"गेल्या शनिवारी. निवडीच्या आधीचा आठवडा मी सराव करत नाही, हात शिळा होतो."

"मग सामान कुठे होतं?"

"सोमवारी सकाळी पेटी इथल्या शस्त्रागारात आणून ठेवली. आज सकाळी उघडली."

"पिशवी हातात घेतल्यावर काही जाणवलं नाही?"

आईने डावी मूठ उघडून पाहिली. "जाणवलं. वाटलं, माझंच काळीज हललंय."

आत्याने तिच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. "तिला सांग, काळीज हललं की गोळ्या इकडेतिकडे जातात. जिना होत नाही." मग आईचा टार्गेट-कागद उजेडात धरून ती बराच वेळ त्या पाच भोकांकडे बघत राहिली. "ज्याने गहू भरले त्याने शिताफीने भरले. कपडा न फाडता. आणि माझ्या मते सोमवार ते शनिवार या दिवसांत शस्त्रागारात कोण गेलं हे एका माणसाला माहीत आहे."

तो माणूस तेव्हा दाराआडून आमचं बोलणं ऐकत होता. त्याच्या किल्ल्या वाजल्या म्हणून कळलं.

३

किल्लीवाल्यांच्या कमरेला एकोणीस किल्ल्या असतात आणि शस्त्रागाराचं कुलूप एकच आहे. बाकीच्या अठरा कशाच्या, असं आत्याने पहिल्यांदा विचारलं.

"वजनासाठी," ते म्हणाले. "एकच किल्ली असली की माणूस विसरतो."

आत्याला हे उत्तर आवडलं. तिने वहीत टिपून घेतलं.

शस्त्रागार म्हणजे भिंतीला टेकून लोखंडी कपाटं, मधे टेबल, टेबलावर तेलाचे डाग आणि रजिस्टर. आईची पेटी तीन नंबरच्या खणात होती. पेटीला कुलूप नाही, कारण शस्त्रागाराला आहे.

"रात्री कुणी आलं?"

"बाई, रात्री मी आत झोपतो. दाराला आडवा. कुणी आलं तर आधी माझ्यावर पडेल."

"दिवसा?"

त्यांनी रजिस्टर आमच्याकडे सरकवलं आणि नजर छताकडे नेली. सोमवार, आईची सही. मंगळवार कोरा. बुधवार, दुपारी चार दहा ते चार चोवीस, डॉक्टरीणबाई. गुरुवार, शुक्रवार कोरे.

"स्वतःची रायफल पुसायला चौदा मिनिटं?" आत्याने विचारलं.

"स्वतःची कुठे? स्वतःचा खण नऊ नंबर. मी चहा घेऊन आलो तर बाई तीन नंबरसमोर उकिडव्या बसलेल्या. हातात दातात घालायची ती बारकी सळई." किल्लीवाले कळवळून म्हणाले, "मी काही बोललो नाही हो. माझी दाढ त्यांच्याकडे अर्धी भरलेली आहे."

४

डॉक्टरीणबाई क्लबच्या मागच्या व्हरांड्यात रायफलची नळी साफ करत होत्या. पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या, कायम धुतल्यासारख्या दिसणाऱ्या. नऊ वर्षं त्या आईच्या पाठोपाठ दुसऱ्या येतात. दर वेळी एकशे चौऱ्याण्णव. त्यांच्या फीसारखा तो आकडा ठरलेला आहे.

"बुधवारी तीन नंबरच्या खणात काय करत होतात?" आत्याने विचारलं.

"आ करा," डॉक्टरीणबाई सवयीने म्हणाल्या. गोंधळल्या की त्या हे म्हणतात. मग सावरून, "कोण सांगतं मी तिथे होते?"

"तुमचीच सही सांगते."

नळीतला गज त्यांनी हळूच बाहेर काढला. "माप घेत होते."

"कशाचं?"

"तिच्या पिशवीचं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "नऊ वर्षं मी दुसरी येते. रायफल माझी महाग. गोळ्या माझ्या महाग. नजर माझी चांगली, तिला चष्मा आहे. मग फरक कशात? त्या पिशवीत. मी सगळं करून पाहिलं हो. वाळू भरली, मोहरी भरली. एकदा दातांचं माप घ्यायचा मसाला भरला, तो मुठीतच घट्ट झाला. माझी पिशवी काढायला किल्लीवाल्यांना हातोडी आणावी लागली. शेवटी म्हटलं, तिचीच लांबी-रुंदी घ्यावी आणि तशीच शिवावी."

"उघडली होती?"

"शिवणीला हात नाही लावला. लांबी, रुंदी, उंची. बस." त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली. पेशंटच्या औषधाच्या कागदावर तीन आकडे, आणि खाली सवयीने 'जेवणानंतर'.

"हिनेच केलंय," व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून सगळं ऐकलेली आई म्हणाली. "सही आहे, साक्षीदार आहे, कबुली आहे. तुझ्या आत्याला म्हणावं, झाली चौकशी. बाहेरची व्यक्ती मिळाली."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी चोरटी आहे, वाईट नाही."

आत्या त्या चिठ्ठीतले आकडे बघत होती. पुन्हा पुन्हा. आणि त्याच वेळी कॅन्टीनमधून काहीतरी आपटल्याचा आणि त्यामागून माझ्या बाबांचा आवाज आला. बाबा गेल्या वीस वर्षांत मोठ्याने बोललेले मी ऐकले नव्हते.

५

बाबा कॅन्टीनच्या काउंटरशी उभे होते. एका हातात मानेची शेकायची पिशवी, नेहमीसारखी टॉवेलच्या खोळीत शिवलेली, दुसऱ्या हाताने मायक्रोवेव्हला चापटी मारत.

"चार मिनिटं! चार मिनिटं ठेवली आणि गार ती गार. पैसे घेता कशाचे?"

"काका, याच्यात मी आत्ता सहा कप चहा उकळला," कॅन्टीनवाला म्हणाला. "तोंड भाजलेली माणसं दाखवू का?"

"मग माझी पिशवीच कशी तापत नाही?"

"तुमची मान थंड असेल."

"घरचा मायक्रोवेव्ह रविवारी संध्याकाळी बिघडला. आज इथला. एका आठवड्यात दोन! आजकाल टिकाऊ काही बनवतच नाहीत."

मी बाबांना खुर्चीत बसवलं, पिशवी मानेमागे सरकवली, चहा दिला. मागे वळले तर आत्या गायब.

ती गुण मोजायच्या खोलीत होती, समोर आईचा कागद.

"ह्या पायऱ्या बघ," ती म्हणाली. "एक, एक, दोन, एक. पिशवी दर दाबण्यागणिक खचत गेली. का खचली? आतला दाणा मुठीत फुटत होता, त्याची भुकटी होत होती. ताजा गहू मुठीत फुटेल का? दगड असतो तो. हा गहू आतून पोकळ झालाय. भाजून भाजून. एकदा नाही, शंभरदा. ज्याला खोडसाळपणा करायचा तो वाण्याकडून किलोभर गहू आणेल आणि भरेल. दोन वर्षं रोज भाजत कशाला बसेल?"

"डॉक्टरीणबाई चिकाटीच्या आहेत," मी म्हणाले.

आत्या हसली नाही. "सेक्रेटरींना सांग, लिफाफा उघडायचाय. मला ती पिशवी हातात हवी."

सेक्रेटरींनी दोनच्या आत उघडायला नकार दिला, मग आत्याने त्यांच्या टेबलावरच्या टपालाच्या काट्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यांनी लिफाफा फोडला.

आत्याने पिशवी उचलली. अंगठा शिवणीवरून फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. आणि चारशे बारा तराजू जप्त करणारी माझी आत्या मटकन खाली बसली.

६

"ही शिवण कुणी उसवलेली नाही," ती म्हणाली. "कुणी दाणे काढले नाहीत, गहू भरले नाहीत. ही पिशवी पहिल्यापासून गव्हाचीच आहे. दुहेरी टाका, बोटभर अंतरावर गाठ. असं शिवणारी व्यक्ती मला माहीत आहे."

"कोण?"

"तुझी आत्या."

मी सेक्रेटरींकडे बघितलं. ते दाराबाहेर लिफाफ्याचे तुकडे गोळा करत होते. मी दार लावलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबांच्या कॉर्डुरॉय पँटला, बहुतेक पँटींप्रमाणे, दोन पाय होते. एकाची आईने मागची पिशवी केली. उरलेली एका पायाची पँट सात वर्षं कपाटात पडून होती. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आत्याने ती नेली आणि भावाच्या मानेसाठी गव्हाची शेकायची पिशवी शिवून आणली. आत्याने दिलेल्या वस्तूकडे आई बघत नाही, हे तिचं तत्त्व आहे. त्यामुळे टॉवेलच्या आत काय आहे हे तिला कधी कळलंच नाही.

"गेल्या रविवारी टॉवेलची खोळ धुवायला टाकली होती. बाल्कनीत दोन पिशव्या उन्हात. शेजारी शेजारी. वहिनी बाहेर, दादा झोपलेला. म्हटलं, आत आणून जागच्या जागी ठेवाव्यात."

"शिवण बघायचीस ना गं!"

"डोळे फसतात. वजन फसत नाही." आत्याने दोन्ही तळहात समोर धरले, एकेकात एक पिशवी असल्यासारखे. "तीस वर्षं माझ्या हाताची चूक पाच ग्रॅमच्या वर गेलेली नाही. माझी शिवताना सहाशे चाळीस ग्रॅम होती. हाताने तोललं. एक सहाशे दहा, एक पाचशे साठ. जड ती माझी, हे उघड होतं. जड ती धुतलेल्या खोळीत शिवून दादाच्या उशाशी ठेवली, हलकी वहिनीच्या पेटीत."

"आणि?"

"आणि दोन वर्षं रोज भाजल्यावर गव्हातलं पाणी उडतं. माझी हलकी झाली होती." तिने हात खाली घेतले. "तोल बरोबर होता. निष्कर्ष चुकला. आणि तुझे बाबा आठवडाभर प्लॅस्टिकचे दाणे मायक्रोवेव्हमध्ये ठेवतायत. ते कसले तापतात. त्यांना ओल लागते तापायला."

बाहेर दोनचे ठोके पडायला दहा मिनिटं होती. मी हळू आवाजात म्हणाले, "आत्या, नीट ऐक. ही गोष्ट फक्त आपल्या दोघींना माहीत आहे. बाहेर सगळ्यांची खात्री आहे की डॉक्टरीणबाईंनी केलं. तू नुसती गप्प बसलीस तर आईची सकाळची फेरी पुन्हा होते. बोललीस तर सहा गुणांची खोट तशीच राहते. तिचं शेवटचं वर्ष आहे गं."

"माहीत आहे."

"खोटं बोलायचं नाहीये. नुसतं गप्प बसायचंय. आपल्या घरात ते सगळ्यांना जमतं."

आत्या उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि दार उघडलं.

७

हॉलमध्ये सगळे जमले होते. एका खुर्चीत डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागे किल्लीवाले, दाढ धरून. आई ताठ उभी. बाबा मागच्या रांगेत, मान मागे टाकून.

सेक्रेटरी खाकरले. "उपलब्ध पुराव्यावरून, बुधवारी चार दहा वाजता—"

"त्यांनी फक्त माप घेतलं," आत्या म्हणाली. "आणि त्यांचे आकडे या गव्हाच्या पिशवीशी मिलिमीटरमध्ये जुळतात. वहिनींच्या हातची पिशवी अशी काटकोनात होऊच शकत नाही, मी त्यांच्या हातची उशी बघितलीय. म्हणजे बुधवारी पेटीत हीच पिशवी होती. बदल त्याआधीचा. सोमवारी पेटी इथे आली, म्हणजे बदल घरी झाला. रविवारी. रविवारपासून माझ्या भावाला वाटतंय की जगातले मायक्रोवेव्ह बिघडलेत. त्याच्या मानेमागे बघा."

सगळी मुंडकी वळली. किल्लीवाल्यांनी पुढे होऊन टॉवेलची शिवण चाकूने उसवली. तपकिरी कॉर्डुरॉय. आईने ती पिशवी हिसकावून घेतली, मुठीत एकदाच दाबली आणि तिचे खांदे दोन इंच खाली आले.

"मग बदलली कुणी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी," आत्या म्हणाली. आणि तिने दोन्ही वजनं सांगितली, ग्रॅममध्ये, आपली चूक कुठे झाली त्यासकट. कुणी विचारलं नसताना वहीतलं पानही फाडून दिलं.

हॉलमध्ये बोलायला बंदी आहे, आणि पहिल्यांदाच ती कुणी मोडली नाही.

सेक्रेटरींनी पुस्तक उघडलं. पान उलटलं. पुन्हा मागे आले. "अडचण आहे," ते म्हणाले. "घरच्यांनी केलं तर गुण कायम. बाहेरच्यांनी केलं तर फेरी पुन्हा. घरचे म्हणजे नवरा, मुलं, आईवडील, सासूसासरे. यात नणंद कुठेच नाही." त्यांनी चष्मा काढला आणि आईकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा. या घरच्या की बाहेरच्या? तुम्ही म्हणाल ते मी लिहितो."

एक शब्द. 'बाहेरच्या' म्हटलं की सकाळची फेरी पुन्हा, आणि खरी पिशवी हातात. आणि तीन वर्षं आई तोच शब्द वापरत होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, माझ्याशी, भिंतीशी.

आत्या समोर बघत होती. "वहिनी," ती म्हणाली, माझ्याकडे न वळता, "मी वेगळी राहते. रेशनकार्डही वेगळं आहे. तुम्ही बाहेरची म्हणालात तर ते खोटं ठरणार नाही. मी कागदोपत्री तपासलंय."

आईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"बाहेरच्याची काय टाप," ती म्हणाली, "माझ्या घरात येऊन माझ्या काट्यावर चिठ्ठी चिकटवायची? घरच्या आहेत. लिहा."

"वहिनी, सहा गुण—"

"वन्सं, मला बेरीज येते."

सेक्रेटरींनी लिहिलं. गुण कायम.

८

तीनला दुपारची फेरी सुरू झाली. आईने पिशवी दस्त्याखाली सरकवली, मूठ आवळली. मागे गॅलरीत बाबा, आत्या आणि मी काचेला नाक लावून. काचेवर तीन ढग.

आईची डावी मूठ मी इतक्या बारकाईने कधी पाहिली नव्हती. दाबली, थांबली. श्वास अर्धा सोडला. बोटं हलत नव्हती, पण दस्ता काट्यासारखा जागेवर येत होता. दहा. दहा. दहा. आत्या प्रत्येक गोळीला बोट मोडत होती. दहानंतर तिने माझी बोटं घेतली.

शेजारी डॉक्टरीणबाईंनी शांतपणे एकशे चौऱ्याण्णव मारले. बेरीज तीनशे अठ्ठ्याऐंशी.

आईच्या एकोणीस गोळ्या दहात होत्या, विसावी दहाच्या रेषेच्या जरा बाहेर. किंवा रेषेवर. किंवा जरा आत. सेक्रेटरींनी कागद जवळ नेला, लांब नेला. "मला नऊ दिसतो," ते म्हणाले. "तीनशे सत्त्याऐंशी. एक गुण कमी."

"दहा असला तर?" बाबांनी विचारलं.

"तर बरोबरी. बरोबरीत दुपारचे गुण जास्त ज्याचे, तो जातो. शंका असेल तर माप घालून बघतो." त्यांनी खिशातून पितळी माप काढलं. ते भोकात अलगद बसवायचं, आणि त्याची कड रेषेला टेकली तर वरचा गुण द्यायचा. त्यांनी ते दोनदा खाली पाडलं. सकाळपासून त्यांनी नऊ चहा घेतले होते.

"त्यांना मोजू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आत्याकडे बोट केलं.

"अहो, त्या घरच्या आहेत! आत्ताच ठरलं."

"म्हणूनच म्हणते. नाहीतर आज मी चोर ठरून घरी गेले असते. घरच्यांचं नुकसान करून खरं बोलणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. माझे पेशंट तर रोज दात घासतो असंसुद्धा खोटं सांगतात. या जे म्हणतील ते मला मान्य. लिहून देते."

त्यांनी खरंच लिहून दिलं, औषधाच्या कागदावर.

आत्याने हात धुतले, पुसले. कागद काचेवर सपाट ठेवला. माप भोकात सोडलं, पाडलं नाही, सोडलं. वाकली. भिंग लावलं. कागद वळवून दुसऱ्या बाजूने पाहिलं, मग तिसऱ्या. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती, पिशवी दोन्ही हातांत पोटाशी धरून, आणि ती पिशवी आता इतकी दाबली गेली होती की त्या क्षणी तिने गोळी मारली असती तर ती जमिनीत गेली असती.

चार मिनिटं गेली. आत्याने भिंग खाली ठेवलं.

"टेकलंय," ती म्हणाली.

बाबांनी मान वळवली, दुखणाऱ्या बाजूला, आणि दुखल्याचं त्यांना कळलंही नाही.

"म्हणजे," आत्या पुढे म्हणाली, "पूर्ण टेकलंय असं नाही म्हणता येणार. वरच्या बाजूने, साधारण केसाच्या एक तृतीयांश—"

"वन्सं," आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "वाक्य टेकलंय इथेच संपतं."

आत्याने विचार केला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता, तागडीसारखा वर-खाली होताना.

"संपतं," ती म्हणाली.

सेक्रेटरींनी नवावर काट मारून दहा लिहिले. आत्याने खाडाखोड केलेल्या जागी त्यांची सही घेतली, तारखेसकट.